डब्याचा हिशेब

चि. सौ. छकुलीस,


काल रात्री फोनवर बोलता बोलता तू थांबलीस आणि मग एवढंच म्हणालीस, "मावशी, या महिन्यात नऊ डबे लागले गं." मागे बाळ किरकिरायला लागलं, म्हणून तू फोन ठेवलास. मला नंतर झोप लागली नाही. पहाटे उठले, चहा केला आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून बसले.

बाळ साडेतीन महिन्यांचं, वजन सहा किलो. किलोमागे दीडशे मिली धरलं तर दिवसाला ९०० मिली दूध. शंभर मिलीला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास पावडर, म्हणजे दिवसाची १२० ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवस जातो आणि चौथ्या दिवशी दुपारी तळ दिसतो. महिन्याला नऊ डबे. तुझा हिशेब बरोबर आहे, तू काहीही वाया घालवलेलं नाहीस. हे आधी लिहिते, कारण तुझ्या आवाजात मला गुन्हा केल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. दोन हजारांचा डबा, नऊ डब्यांचे अठरा हजार. जावईबापूंचा पगार अठ्ठावीस. उरलेल्या दहा हजारांत पिंपरीचं घरभाडं, गॅस, किराणा आणि गावाकडे पाठवायचे पैसे बसत नाहीत, हे सांगायला वही लागत नाही. पगार एकवीस हजारांच्या वर गेला तेव्हा ईएसआयचं कार्डही गेलं, हे तूच मागे सांगितलं होतंस.

मी एकतीस वर्षं बालरोग विभागात नोकरी केली. त्यातलं जे तुझ्या उपयोगाचं आहे ते सगळं या पत्रात लिहायचं ठरवलंय. फोनवर सांगितलं की अर्धं निसटतं. पत्र जपून ठेव, जावईबापूंना आणि विहीणबाईंनाही वाचायला दे.

पहिली गोष्ट सांगते ती ऐकून घाबरू नकोस. एका जूनमध्ये रात्रपाळीला सहा महिन्यांचं एक बाळ आमच्याकडे आलं. झटके येत होते. ताप नाही, मार लागलेला नाही. आई धुणीभांडी करणारी, बाळाला पदरात घट्ट धरून उभी. रक्त तपासलं तर सोडियम पार उतरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, दूध कसं करतेस? ती गप्प. मी तिला बाजूला घेतलं, तेव्हा रडत म्हणाली, डबा पंधरा दिवस पुरवायचा होता, म्हणून दोन चमच्यांच्या पाण्यात एकच चमचा घालत होते. बाळ वाचलं. पण त्या बाईचा चेहरा मी विसरलेले नाही. तिने आळस केला नव्हता, दुर्लक्ष केलं नव्हतं. ती काटकसर करत होती, जशी आपण सगळ्याच जणी डाळीत पाणी वाढवून करतो.

म्हणून सांगते, पैसे बाटलीच्या आत वाचवायचे नाहीत. डब्यावर जितक्या पाण्याला जितके चमचे लिहिलेत तितकेच, चमचा सपाट करून, आधी पाणी मोजून मग पावडर. त्यात तांदळाची पेज, साबुदाण्याचं पाणी, डाळीचं पाणी मिसळून दूध वाढवायचं नाही. पैसे वाचवायच्या जागा बाटलीबाहेर आहेत, आणि त्या बऱ्याच आहेत.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे निदान. तुझ्या बाळाच्या शीत रक्ताचे दोरे आणि शेंबडासारखं चिकट पडत होतं, गालांवर चट्टे होते. डॉक्टरांनी वरचा साधा डबा बंद करून हा डबा दिला आणि आठ-दहा दिवसांत शी साफ झाली. इथवर सगळं रीतसर. पण पुढची पायरी राहिली. दोन ते चार आठवडे नवीन दूध देऊन आराम पडला की पूर्वीचं दूध थोडं थोडं देऊन पाहायचं असतं. पुन्हा रक्त दिसलं तर ॲलर्जी पक्की. नाही दिसलं तर ती ॲलर्जी नव्हती, कारण लहान बाळांच्या शीतलं थोडं रक्त कित्येकदा आपलं आपणही थांबतं. ही परीक्षा बहुतेक घरांत होत नाही. "आता कुठे बरं वाटतंय, पुन्हा कशाला विस्तवाशी खेळा?" असं सगळेच म्हणतात. मी तुझ्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण एक विचार कर. या परीक्षेने डबा बंद झाला तर महिन्याचे अठरा हजार वाचतात, आणि चालू राहिला तर पैसे कमीत कमी शंकेविना जातात.

मात्र ही परीक्षा डॉक्टरांना विचारूनच. तुझ्या बाळाला दूध पोटात गेल्या गेल्या अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं, लागोपाठ उलट्या होऊन बाळ मलूल पडणं असलं कधी झालेलं नाही, म्हणून ते बहुधा घरी करायची परवानगी देतील. ज्या बाळांना तसं होतं, त्यांची परीक्षा रुग्णालयातच होते. तसं काही कधीही दिसलं तर फोन मला करू नकोस, १०८ ला कर.

आणि कुणी तुला शे-दीडशे पदार्थांची मोठी रक्ततपासणी सुचवली, तर तिच्यावर एक रुपया घालवू नकोस. आयजीजी नावाच्या त्या तपासण्यांचा ॲलर्जी ओळखायला उपयोग नाही. दुसऱ्या, आयजीईच्या तपासणीचा उपयोग आहे, पण तो दूध प्यायल्यावर लगेच गांधी उठणाऱ्या बाळांना. तुझ्या बाळासारख्या पोटाच्या ॲलर्जीत ती बहुधा कोरीच येते आणि आईला वाटतं, चला, ॲलर्जी नाही.

आता हा डबा इतका महाग का, ते सांगते. दुधातलं प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समज. बाळाचं शरीर त्या माळेला परकी समजून तिच्यावर उठतं. तुझ्या डब्यावर 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' लिहिलंय, म्हणजे ती माळ तोडून बारीक बारीक तुकडे केलेत. शरीराला ते ओळखू येत नाहीत. त्याच्याही पुढचा डबा सुट्या मण्यांचा, अमिनो ॲसिडचा. तो याहून पुष्कळ महाग आणि फार थोड्या बाळांना लागतो. तुझ्या बाळाची शी या डब्यावर साफ झाली आहे, वजन वाढतंय, तेव्हा कुणी "अजून भारीतला घ्या" म्हटलं तर ऐकू नकोस. माळ तोडली की चव कडू होते, वास उग्र येतो, शी हिरवट होते. विहीणबाईंनी मला परवा हळूच फोन करून विचारलं होतं, "शी हिरवी होते, बाळाला बाधा तर नाही ना?" त्यांना सांग, या दुधाची शी अशीच असते. रक्त आणि चिकटपणा नाही ना, एवढंच पाहायचं.

केमिस्टच्या फळीवर शेजारीच 'लॅक्टोज-फ्री' डबा असेल, बराच स्वस्त. तो घेऊ नकोस. लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि तुझ्या बाळाचं भांडण प्रथिनाशी आहे. त्या डब्यातलं प्रथिन गाईचंच असतं. नावाच्या या एका गोंधळात मी कित्येक घरांचे महिने वाया गेलेले पाहिलेत.

शेळीच्या दुधाबद्दल मला स्वतःची चूक सांगायची आहे. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका आईला मी मोठ्या खात्रीने सांगितलं, गाईचं बाधतं ना, मग शेळीचं दे, हलकं असतं. माझ्या आजीने मला तसंच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी ते बाळ सुजलेल्या डोळ्यांनी परत आलं. नंतर शिकले की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ बाळांना शेळीचंही बाधतं, कारण दोन्ही प्रथिनं सख्ख्या बहिणींसारखी आहेत. म्हशीचंही तेच. उकळून, आटवून, पातळ करूनही ती जात नाहीत. गल्लीत गाढवीण घेऊन चमचा-चमचा दूध विकणारे येतात. गाढविणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा खरंच वेगळं असतं, इटलीत त्यावर अभ्यासही झालेत. पण ते फार पातळ असतं, त्यात बाळ वाढेल इतका स्निग्धांश नसतो, आणि रस्त्यावर काढलेलं कच्चं दूध साडेतीन महिन्यांच्या बाळाला देणं धोक्याचं आहे. बदामाचं, ओटचं, नारळाचं दूध हेही बाळाचं दूध नव्हे.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते.

तू म्हणालीस, "अंगावर रात्री एकदाच पितं, आता दूधच नाही." छकुली, रात्री एकदा पितं याचा अर्थ दूध आहे. टाके, ताप, तिसऱ्या आठवड्यात सुरू केलेला वरचा डबा, असं करत ते कमी झालं. पण साडेतीन महिन्यांच्या बाळासाठी पान्हा परत आणता येतो. वॉर्डात मी तो परत आलेला पाहिलाय, सात-आठ आठवडे पूर्ण बाटलीवर असलेल्या बाळांच्या आयांनाही. तुझ्या हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर शंभर मिली आईचं दूध म्हणजे पासष्ट-सत्तर रुपयांची पावडर. दिवसाला निम्मं जरी अंगावर आलं तरी नवाचे साडेचार डबे होतात. आणि पैसे बाजूला ठेवले तरी त्या दुधाला तोड नाही.

कसं करायचं ते नीट वाच. बाळाला बाटली लागली की ते छातीवर चिडतं, कारण ओढूनही काही येत नाही. म्हणून त्याला छातीवरच डब्याचं दूध मिळेल असं करायचं. बारीक फीडिंग ट्यूब मिळते, पाच किंवा सहा नंबरची. तिचं एक टोक वाटीतल्या दुधात, दुसरं टोक स्तनाग्राच्या कडेला कागदी चिकटपट्टीने लावायचं, जरासं पुढे आलेलं. बाळ तोंडात घेतं तेव्हा स्तनाग्र आणि नळी दोन्ही एकदम जातात. ते ओढतं, नळीतून दूध येतं, त्याला वाटतं छातीतूनच आलं. इकडे शरीराला निरोप जातो की बाळ पितंय, दूध कर. वाटी वर उचललीस की धार जोरात येते, खाली धरलीस की बाळाला मेहनत करावी लागते. सुरुवातीला वाटी खांद्याच्या उंचीवर, मग दोन-दोन दिवसांनी खाली. दिवसातून आठ-दहा वेळा, दर बाजूला दहा-पंधरा मिनिटं. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. मधल्या वेळात बाळाला झबलं न घालता तुझ्या उघड्या छातीशी घेऊन बस. पहिले चार-पाच दिवस काहीच होत नाहीसं वाटेल, तेव्हा धीर सोडू नकोस. फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

डबा एकदम कमी करायचा नाही. अंगणवाडीत वजनकाटा असतो, दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन कर. शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढ आणि दिवसाला सहा-सात वेळा लघवी, हे दिसत राहिलं तरच एकेका पाजण्यातलं डब्याचं दूध दहा-वीस मिलीने उतरवायचं.

एक अट आहे आणि ती सोपी नाही. तू दुधाचं जे खातेस-पितेस त्यातलं प्रथिन थोडंफार तुझ्या दुधात उतरतं. म्हणून तुलाही दूध सोडावं लागेल: चहातलं, दही, ताक, पनीर, पेढा, खवा, चॉकलेट. बिस्किटाच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिन' वाचायचं. पावातही कधी दुधाची पावडर असते. तूपसुद्धा, कारण घरच्या तुपात बेरीचा अंश राहतो. दोन ते चार आठवडे कडक पाळून बाळाची शी पाहायची. मग काय ठेवायचं, काय सोडायचं ते डॉक्टर ठरवतील. तुझ्या दुधाने बाळाला काहीच होत नसेल तर उगीच जन्मभराचं पथ्य करू नकोस. या काळात तुला कॅल्शियमची गोळी लागेल, दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या हिशेबाने, बरोबर ड जीवनसत्त्व. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिऱ्याचा लाडू सुरू कर. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करून पाठवते. अळीव, डिंक, मेथी सगळं खा, पण दूध येतं ते बाळाच्या ओढण्याने. खीर तुझ्या अंगात बळ यावं म्हणून.

तू विचारलं होतंस, दूधपेढीतून मिळेल का? आशियातली पहिली मानवी दूधपेढी आपल्याकडेच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पण ते दूध आधी कमी दिवसांच्या, काचेच्या पेटीतल्या बाळांसाठी असतं आणि तसंच असायला हवं. शिवाय ते देणाऱ्या आईने सकाळी दुधाचा चहा घेतलेला असतो.

घरातल्या वाटा बंद करायच्या त्याही बघ. बाळगुटी दुधात उगाळतात. देवळात तीर्थ म्हणून पंचामृताचं बोट चाटवतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यात दूध-तूप दोन्ही. विहीणबाई हे सगळं मायेने करणार, म्हणून त्यांच्याशी भांडण नको. त्या म्हणतात ना, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं"? त्यांना शांतपणे सांग, माझ्या आईचं तिसरं मूल, तुझा एक मामा, वर्षाचा व्हायच्या आत गेला. शीत रक्त पडायचं, अंग धरेना. मुडदूस झाला म्हणाले सगळे. काय होतं ते आता कळणार नाही. पण माझी आई शेवटपर्यंत त्याला वाटीवाटीने गाईचं दूध पाजत होती, त्याच्यात ताकद यावी म्हणून.

सहा महिने झाले की पुष्कळ मोकळीक येते. तेव्हा डॉक्टरांना सोयाच्या डब्याचं विचार, तो बराच स्वस्त पडतो. सहा महिन्यांच्या आत तो सहसा देत नाहीत, आणि पोटाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही बाधतो, म्हणून पहिला एकच डबा आणायचा. आणि तेव्हाच वरचं अन्न सुरू होईल. उष्टावणाची खीर नारळाच्या दुधात होते, देव रागावत नाही. नाचणी भिजव, मोड आण, सावलीत वाळव, मंद भाजून दळ आणि मऊ कापडातून चाळ. त्याची पेज, मुगाची खिचडी त्यावर चमचाभर तेल, अंडं, तुम्ही खाता तो मासा, सगळं एकेक करून. अन्न वाढलं की दूध आपोआप उतरतं. सध्याचा नऊ डब्यांचा आकडा हा घाटाचा माथा आहे, इथून पुढे उतारच.

आणि हे कायमचं नाही. बहुतेक मुलांची दुधाची ॲलर्जी शाळेत जायच्या आत जाते, तुझ्या बाळासारखी पोटाची ॲलर्जी तर पुष्कळदा वर्ष-दीड वर्षातच. म्हणून दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे "आता देऊन पाहू का?" हा प्रश्न तू स्वतः काढायचा. ॲलर्जी गेल्यावरही केवळ भीतीपोटी महागडा डबा चालवणारी घरं मी पाहिली आहेत.

आता बाहेरच्या मदतीचं. तू सगळीकडे शोधलंस आणि या दुधासाठी एकही सरकारी योजना तुला सापडली नाही. मला याचा राग येतो, तो लपवत नाही. इंग्लंडमध्ये हाच डबा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारी आरोग्यसेवेतून मिळतो, कारण तिथे तो औषध समजला जातो. आपल्याकडे बाळाच्या दुधाचा कायदा १९९२ चा आहे. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, भेटवस्तू बंद, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा बंद. तो कायदा चांगला आहे. तो यायच्या आधी प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर गुबगुबीत बाळांची कॅलेंडरं असायची आणि आया ती पाहून स्वतःच्या दुधाला कमी लेखायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कंपनीने आईला फुकट डबा देऊ नये हे जसं ठरवलं, तसं ज्या बाळाला हा डबा औषध म्हणूनच लागतो त्याला तो कुणी द्यावा हेही ठरवायला हवं होतं. कुपोषणाने वाळलेली बाळं जिने स्वतः उचलली आहेत, ती मी हे म्हणते आहे.

तोवर आपल्याला करता येतं ते असं. डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घे: बाळाला काय आजार आहे, कोणत्या प्रकारचं दूध, रोज किती, किती महिने. डब्यांची बिलं, वजनाचा तक्ता, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सगळं एका फायलीत. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. ओपीडीत नाही, त्यांच्या खोलीत जाऊन बसायचं. कोणता न्यास लहान मुलांना मदत करतो, कोणता दाता दर महिन्याला काही देऊ पाहतो, हे त्यांच्या वहीत असतं. धर्मादाय रुग्णालयांना कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यातून डबा मिळेल असं नाही, पण तपासणी किंवा भरती करायची वेळ आली तर तो खर्च कमी होईल आणि तेवढे पैसे डब्याला राहतील. फाइल घेऊन जाताना मान खाली घालू नकोस. तू बाळाचं अन्न मागते आहेस.

डबे घेताना बिल घ्यायचं, मुदत बघायची, एकदम सहा घ्यायचे नाहीत, कारण सोयावर जायचं ठरलं किंवा पान्हा आला तर ते पडून राहतील. ओळखीत कुणी उघडलेला डबा देत असेल तर नको म्हण. बाळ शंभर पितं म्हणून दीडशे करून ठेवू नकोस. साठ-साठ मिली करत जा, उष्टं दूध तासाभरानंतर टाकावंच लागतं. दिवसाला शंभर मिली मोरीत गेलं तर महिन्याला एक डबा गेला.

राहिला घरचा भाग. उष्टावणाला मंडळी येतील. कुणी चांदीचे वाळे आणेल, कुणी झबली. आपल्याच माणसांना मी स्वतः फोन करणार आहे की वाळे नकोत, डबा आणा, डब्याचा फोटो तुम्हाला पाठवते. यात लाज मला वाटत नाही, तुलाही वाटू देऊ नकोस. आमच्या भिशीचा माझा नंबर पुढच्या महिन्यात आहे, तो तुझा. आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत माझ्या पेन्शनमधून महिन्याला दोन डबे. जावईबापू संकोचतील. त्यांना सांग, माझ्या बहिणीने, तुझ्या आईने, माझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी स्वतःच्या पाटल्या मोडून भरली होती. त्याची परतफेड मी आजवर कुणाला करू शकले नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. सहा नंबरच्या दोन नळ्या, कागदी चिकटपट्टी आणि उकळून ठेवायला एक स्टीलची वाटी माझ्याबरोबर असेल. पहिले चार दिवस तुझ्या शेजारी बसून वाटी मी धरीन. तू फक्त त्याला जवळ घे आणि रात्रीचं पाजणं तोवर चालू ठेव.

तुझी,
मावशी

ता. क. डॉक्टरांना परीक्षेचं विचारशील तेव्हा वजनाचा तक्ता बरोबर ने आणि शीचे फोटो, तारखेसकट. किळस करू नकोस, त्यांना त्यातूनच सगळ्यात जास्त कळतं.